कनिष्ठेच्या पोटात

पासपोर्ट हरवत नसतो. तो एक तर कुठे ठेवलेला असतो, नाही तर कोणी घेतलेला असतो. रेल्वेच्या पास सेक्शनमध्ये चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रवासाचे कागद करत बसलेल्या मीराबाई खडतकरांना एवढं पक्कं ठाऊक होतं. काल सकाळी तो कपाटातल्या निळ्या फोल्डरमध्ये होता, तिकिटाच्या कागदासोबत. आज, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, सकाळी साडेदहाला फोल्डर जागेवर, तिकीट जागेवर, आणि पासपोर्ट गायब.

चार वाजता टॅक्सीवाल्या भैय्यालालची गाडी दारात लागणार होती. सव्वासहाला रायपूरहून दिल्लीचं विमान आणि तिथून पुढे जॉर्जिया देशातलं तिबिलिसी. तिथे नीनो नावाच्या सत्तरीच्या एकट्या बाई परवा दवाखान्यात भरती व्हायच्या होत्या, हृदयाच्या ऑपरेशनसाठी. घरी दोन म्हातारी कुत्री, त्यातलं एक आंधळं. डॉक्टरांनी तारीख दहा दिवस अलीकडे आणली म्हणून मीराबाईंनीही तिकीट अलीकडे घेतलं, आणि नेमके महालक्ष्म्यांचे दिवस त्यात सापडले. तुम्ही दारात दिसल्याशिवाय मी घर सोडणार नाही, असं नीनोबाईंनी लिहिलं होतं. मीराबाईंनी उलट लिहिलं होतं, येते. एका शब्दाचं पत्र, पण शब्द तर दिला होता ना!

ह्या शब्दावरूनच आठ दिवस घरात धुसफूस चालली होती.

"स्नेहल, माझ्या कपाटाले कोणी हात लावला काय?"

सून स्नेहल ओट्यापाशी पडवळाच्या चकत्या करत होती. भिलाईची पोरगी, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतून यायचं. "नहीं तो, आई। क्या हुआ?"

"पासपोर्ट नाही."

स्नेहलने सुरी खाली ठेवली. "आज? आज ही?"

दोघींनी मिळून कपाट उपसलं. गादी उलटली, बॅग रिकामी करून पुन्हा भरली. ओट्यावर सोळा भाज्या निम्म्या चिरलेल्या, निम्म्या तशाच. बाहेरच्या खोलीत ज्येष्ठा आणि कनिष्ठा कालपासून उभ्या, एकीला मोरपंखी नऊवारी, दुसरीला डाळिंबी, पितळी मुखवटे चिंचेने घासून लखलखीत. बारा वाजता नैवेद्य, मग पंगत. आणि घरची मोठी सून, म्हणजे खुद्द मीराबाई, पलंगाखाली डोकं घालून बसलेली. देवींनी पाहिलं असेल तर त्यांनाही हसू आलं असेल.

अकराला दीर आले. नानासाहेब खडतकर, वीज मंडळातून इंजिनीअर म्हणून निवृत्त, पण घरातल्यांवर साहेबी करण्यातून निवृत्त व्हायला तयार नसलेले. सोबत बायको कांताबाई, डोक्यावर पुरणाचं पातेलं घेतल्यासारखा चेहरा करून. आणि अभनपूरहून आलेले चुलतसासरे बाबाराव, वय ऐंशी, धान्याच्या आडतीवर आयुष्य गेलेले. ते सरळ खुर्चीवर जाऊन बसले आणि विचारते झाले, "पान केव्हा मांडता? मले तीनची बस पकडाची हाय."

नानांना बातमी लागलेली होती. ते धोतर सावरत म्हणाले, "सापडला नाही ना? मग देवीची मर्जी समजा, वहिनी."

मीराबाई कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "मर्जी देवीची आहे का तुमची, ते मले सांगा."

"म्हणजे? चोरीचा आळ घेऊन राहिल्या माझ्यावर? ऐकलं काय बाबारावजी?"

"ऐकून राहिलो," बाबाराव म्हणाले. "वडे तळले काय?"

"उभ्या महालक्ष्म्या सोडून कोणी घराबाहेर जाते काय?" नानांचा आवाज चढला. खालच्या दुकानापर्यंत जावा असाच चढवला. "अन कशापायी? कुत्र्यांपायी! खडतकरांची मोठी सून देशोदेशी लोकांची कुत्री फिरवत हिंडून राहिली. सदर बाजारात माणसं मले विचारतात, तुमच्या वहिनी कुठं असतात? पोरीकडं असतात म्हणून मी खोटं सांगतो. तुमच्यासाठी खोटं बोलतो मी!"

"खरं सांगत जा ना. मले लाज नाही, तर तुमाले काहून वाटते?"

आता ह्यात लपवण्यासारखं काय होतं? काहीच नाही. चार वर्षांपूर्वी धाकटी गंधाली बाळंत झाली तेव्हा मीराबाई सहा महिने कॅनडात राहिल्या. शेजारचं जोडपं गावाला निघालं आणि मांजर बघाल का म्हणून विचारायला आलं. त्या मांजराने मीराबाईंना दुसऱ्याच्या घरात एकटं राहण्याची गोडी लावली. अशी पुष्कळ माणसं जगभर असतात, ती घर सोडून जातात आणि मागे घर, झाडं, जनावरं सांभाळायला कोणी भरवशाचं शोधतात. मीराबाई भरवशाच्या होत्या, ते तर आख्ख्या रेल्वेला माहीत होतं. तेव्हापासून अकरा घरं झाली. पेनांगमध्ये समुद्रावरचा सहावा मजला, नैरोबीत बागेतलं बैठं घर आणि त्यातली तीन कासवं, कुठे दोन महिने, कुठे पाच. सकाळी कुत्रा फिरवायचा, भाजीबाजारात हातवारे करून भेंडी मागायची, दुपारी अनोळखी खिडकीत बसून चहा प्यायचा. नवरा, प्रभाकरराव, होते तेव्हा म्हणायचे, रिटायर झाल्यावर जाऊ. ते सेवेत असतानाच गेले. मीराबाईंनी मग 'नंतर' हा शब्दच सोडून दिला आणि मुदतीआधीच नोकरी सोडली.

"घर नाही काय तुमाले?" नाना विचारत होते. "बूढ़ापाऱ्यासारख्या मोहल्ल्यात दोन मजल्यांचं घर, पोरगा सोबत, सून चांगली. लोक ह्याच्यासाठी नवस करतात."

"घर आहे म्हणून तर बिनघोर जाते. ते काही पळून नाही जात."

"वय पाहा आपलं! बासष्ट!"

"गंधालीचं बाळंतपण काढायले गेली तेव्हा अठ्ठावन्न होतं. तेव्हा कोणी नाही बोललं. पोराचे लंगोट धुवायले वय चालते, अन डोंगर पाहायले चालत नाही काय, नाना?"

नानांनी बाबारावांकडे पाहिलं. बाबारावांनी महालक्ष्म्यांपुढच्या फुलोऱ्याकडे पाहिलं. दाराशी पियुष उभा होता, मीराबाईंचा थोरला, पस्तिशीचा, हातात केळीच्या पानांचा भारा. तो भारा घेऊनच वर गच्चीत निघून गेला.

मीराबाईंच्या मनात संशय उरलाच नव्हता. हे काम नानांचंच. बरं, काढून घ्यायचा कसा? पोलिसात जायचं दिरावर? तेही महालक्ष्म्यांच्या दिवशी? त्या धुमसत स्वयंपाकघरात परतल्या आणि आंबिलीत रवी अशी फिरवली की भिंतीवर शिंतोडे उडाले.

कांताबाई मागच्या गॅलरीत पुरण वाटत बसल्या होत्या. ह्या दोघी जावांचं तीस वर्षं सरळ कधी जमलं नाही. भांडणही झालं नाही, जे झालं असतं तर बरं झालं असतं. अठ्ठावीस वर्षं महालक्ष्म्यांना साड्या मीराबाईंनी नेसवल्या. प्रभाकरराव गेले त्या वर्षीच्या भाद्रपदात कांताबाईंनी त्यांच्या हातातून नऊवारी नुसती काढून घेतली, एक शब्द न बोलता. सवाष्णीचं काम ते. तेव्हापासून मीराबाईंच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या महालक्ष्म्यांना हात लावायची सोय उरली नाही. चिरायला, वाटायला, तळायला विधवा चालत होती. उभ्या करायला तेवढी चालत नव्हती. आणि जेवायला बसायची ती सगळ्यात शेवटी, उरलेल्या भाताला.

"ताई, जायफळ पाहता काय पुरणात?" कांताबाईंनी हाक मारली.

"तुझं तू पाह्य."

"या ना व जरा इकडे. दार लोटून या."

मीराबाई गेल्या. कांताबाईंचा वरवंटा थांबलेला होता आणि कपाळावर घाम होता.

"पासपोर्ट धाकटीच्या पोटात आहे."

"कोणाच्या?"

"कनिष्ठेच्या. काल कोठीत मी गहू भरून राहिली होती, तेव्हा त्यानं मागून ठेवला. म्हणे, काकू, विसर्जनापर्यंत कोणाले सांगू नको."

खडतकरांच्या महालक्ष्म्यांचं अंग म्हणजे पत्र्याच्या दोन कोठ्या. आतून पोकळ, पाठीला लहानसं दार. त्यांच्या पोटात गहू, तांदूळ, लाडू, करंज्या भरतात, वरून साडी नेसवून मुखवटा बसवतात, आणि एकदा आवाहन झालं की विसर्जनापर्यंत त्यांना कोणी हलवत नाही. लपवायला ह्याहून पक्की जागा आख्ख्या रायपूरमध्ये नव्हती. विसर्जन उद्या संध्याकाळी होतं.

"नानांनी ठेवला?" मीराबाईंनी विचारलं, कारण उत्तर तेच असायला हवं होतं.

"नाही हो. ह्यांना तर पत्ताच नाही. पियुषनं."

मीराबाई गॅलरीच्या कट्ट्यावर बसल्या. दिरावरचा राग कसा सोयीचा होता, घेतला आणि पाजळला! पोटच्या पोरावरचा राग कुठे ठेवायचा ते माणसाला सुधरत नाही. त्यांना रडू आलं आणि रडू आल्याचा अजून राग आला.

"तू काहून सांगितलं मले?" त्या म्हणाल्या. "मी गेली की सारं तुझ्यावर येते."

"येते ना. खोटं काहून बोलू? काल मीही मनात म्हटलं, बरं झालं, अडकली. पण साडी मी नेसवली, ताई. देवीच्या साडीखाली चोरी झाकून मी आरतीले कोणत्या तोंडानं उभी राहू?" कांताबाईंनी आवाज अजून उतरवला. "असं करू. पंगत उठली, सारे लवंडले, की मी हात घालून काढून देते. मी सवाष्ण आहे, कोणी पाहिलं तरी पदर नीट करून राहिली म्हणून सांगीन. अडीचपर्यंत तुमच्या हातात."

तोडगा चांगला होता. कोणाला कळणार नव्हतं, कोणी दुखावणार नव्हतं. मीराबाईंनी जावेच्या पुरणाने माखलेल्या हातावर हात ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदाच ठेवला असेल. म्हणाल्या, "थांब. आधी त्याले भेटते."

पियुष गच्चीत पाण्याच्या टाकीच्या सावलीत पानं पुसत होता. आईला पाहिलं आणि त्याला कळलं.

"काकूने बता दिया।"

"तू माझ्या कपाटात हात घातला?"

"हव।" त्याने मान वर केली नाही. "एक दिन लेट जाओ, आई. विसर्जन के बाद मैं खुद देऊन देईन. नवीन तिकीट मी काढतो."

"ती बाई परवा भरती होऊन राहिली. उद्या रात्रीपर्यंत मी नाही पोचली तर ती घर सोडणार नाही. ऑपरेशन राहते तिचं."

"उसका अपना कोई नहीं है क्या?"

"नाही. म्हणूनच तर."

"अन मेरा कौन है?" आता त्याने वर पाहिलं. पस्तीस वर्षांचा बाप्या, पण ओठ लहानपणी कापायचे तसेच कापत होते. "मार्चमध्ये पेनांगले तुले डेंग्यू झाला. नऊ दिवस दवाखान्यात होती तू. मुझे दसवें दिन पता चला! ते पण गंधालीकडून. नौ दिन मैं तुझे गुड मॉर्निंग भेजता रहा, अन तू मले फुलं पाठवून राहिली होती. फुलं! हाताले सलाईन लागलेली असताना. कुछ हो जाता तो मैं किसके पास जाता? कोणत्या देशात?"

हे खरं होतं. सांगितलं असतं तर ओढून आणलं असतं, ह्या भीतीने त्यांनी लपवलं होतं. त्या दिवसांत एका मलय नर्सने त्यांची वेणी घातली होती, आणि पियुषला त्यांनी बागेतल्या चाफ्याचा जुना फोटो पाठवला होता. नानांच्या शंभर बोलण्यांपेक्षा हे एक बोलणं जास्त लागलं.

"ते माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "सपशेल चुकलं. यापुढं शिंक आली तरी तुले सांगीन, पहिल्या दिवशी. पण सांगायचं चुकलं माझं, पियुष. जायचं नाही चुकलं."

"तिथं मरून जाशील एखाद दिवशी."

"इथं नाही मरणार काय? तुझे बाबा इथंच गेले, ऑफिसच्या खुर्चीत." त्यांचा आवाज कडक झाला. "काळजी वाटते तर भांड माझ्याशी. रोज भांड. फोन करून भांड. कुलूप लावायचा हक्क तुले नाही."

"मी कुलूप नाही लावलं."

"अजून काय केलं मग? चल, खाली ये अन काढून दे."

पियुषने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "कैसे निकालूँ? उभ्या आहेत त्या. काल आवाहनाच्या आधी ठेवला, तेव्हा काही वाटलं नाही. आता हात लावायची हिंमत नाही होऊन राहिली. सुबह से देख रहा हूँ. कुछ हो गया तो?"

घ्या! आईला अडकवायला देवीच्या पोटात पासपोर्ट ठेवणारा पोरगा स्वतःच त्या देवीला भिऊन गच्चीत लपला होता. मीराबाईंना अशा वेळीही हसू फुटलं. पण हसू तेवढ्यापुरतंच होतं. जिना उतरताना त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि गॅलरीच्या दारातूनच जावेला सांगितलं, "कांता, तू नको काढू. चोरून ठेवलेलं चोरून काढलं, तर मग मीच चोर होते."

कांताबाईंचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे काय करून राहिल्या तुम्ही?"

"आरती होऊ दे."

सव्वाबाराला आरती झाली. नैवेद्याची ताटं दाखवली गेली, पुरणपोळ्या, कढी, वडे, आंबील, सोळा भाज्यांची भाजी. कापूर विझला. नानांनी साष्टांग नमस्कार घातला, मोठ्याने गाऱ्हाणं म्हटलं आणि त्यात घरच्या बायकांना सद्बुद्धी दे हेही घुसवलं. बाबाराव म्हणाले, "मांडा आता पानं."

तेवढ्यात मीराबाई पुढे आल्या. समईला वळसा घालून, मखराच्या कडेने, त्या कनिष्ठेच्या पाठीमागे गेल्या.

"वहिनी, काय करून राहिल्या?" नानांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "वहिनी! हात लावायचा नाही तुमाले. माहीत नाही काय?"

"माहीत आहे. अठ्ठावीस वर्षं मीच नेसवली हिले. हिचं अंग मले पाठ आहे."

"बाबारावजी, सांगा ना! घरावर काही आलं तर..."

"माझा पासपोर्ट हिच्या पोटात आहे, नाना. मी माझी वस्तू घेऊन राहिली."

स्नेहलने पियुषकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला सगळं समजलं. मीराबाईंनी मागच्या निऱ्या उचलल्या. कोठीचं दार आधी वर उचलायचं आणि मग ओढायचं, हे सहा वर्षांनीही बोटांना सांगावं लागलं नाही. हात आत गेला. गहू थंडगार होते. एक लाडू, दोन करंज्या, मग प्लास्टिकची पिशवी. ती ओढताना कोठी हलली, आणि वरचा मुखवटा डावीकडे कलंडला.

बायकांच्या तोंडून एकच "अगोबाई!" निघालं. कांताबाईंनी डोळे मिटले. मीराबाईंनी दुसरा हात वर घातला आणि देवीचा गाल तळव्यावर झेलला. पितळ कापराच्या धगीने ऊन झालेलं होतं. त्यांनी तो सरळ केला, बसवला, थोडा दाबून पाहिला. सहा वर्षं ह्या चेहऱ्याला त्या दुरून हात जोडत होत्या. आपली वस्तू कोणी काढून घेते आणि आपण ती गपचूप देऊन टाकतो, कितीदा दिली आपण, असं त्यांना वाटलं, आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

झालं काय? काही नाही. पंखा फिरत होता, समया जळत होत्या, खाली गल्लीत कोणी स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता. मीराबाईंनी दार लावलं, निऱ्या पुन्हा घातल्या, पदर सारखा केला. कांताबाईंनी डोळे उघडून पाहिलं तर निऱ्या त्यांनी घातलेल्यांपेक्षा जास्त चापूनचोपून बसल्या होत्या.

"पुढच्या वर्षीपासून," नाना बोट रोखून म्हणाले, "महालक्ष्म्या ह्या घरात नाही होणार. माझ्या घरी होतील. अन तुम्ही त्या दिवशी येऊ नका. हे मी सर्वांसमोर सांगून राहिलो."

हा घाव खरा होता. वर्षभर कुठेही असल्या तरी भाद्रपदात मीराबाई परत यायच्या त्या ह्यांच्यासाठीच. अकरा घरं फिरल्या, पण तिन्ही सांजेला दिवा लावताना डोळ्यांपुढे हेच दोन चेहरे यायचे. नानांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी नेमकं तिथेच हाणलं.

"न्या," त्या म्हणाल्या. "आजच न्या म्हटलं असतं, पण उभ्या आहेत."

"नेऊन करणार कोण?" हा आवाज कांताबाईंचा. नानांनी वळून बायकोकडे पाहिलं, जणू टेबलफॅनच बोलला. "मी एकटी नाही करणार. सोळा भाज्या, पुरण, अन चाळीस पानं. करायच्या तर इथं होतील, ताई येतील तेव्हा ताईंच्या हातच्या होतील. नाही आल्या तर मी, स्नेहल अन तुम्ही. वडे तळायले शिका."

"कांता!"

"माझ्या देवीच्या पोटात चोरीचा माल ठेवला होता घरच्याच माणसानं, अन तुम्ही सद्बुद्धी मागून राहिले बायकांसाठी?"

नानांनी शेवटचा उपाय केला. "बाबारावजी, तुम्ही वडीलधारे. तुम्ही सांगा, हे चालते काय?"

बाबारावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कनिष्ठेचा मुखवटा न्याहाळला. "पडली नाही," ते म्हणाले. "अजून काय पाह्यजे बे तुले? वाढा. बस जाईल माझी."

पहिली पंगत सवाष्णींची आणि वडीलधाऱ्यांची. पानं मांडली, रांगोळ्या घातल्या. मीराबाई स्वयंपाकघराकडे वळल्या नाहीत. ज्येष्ठेसमोरच्या पहिल्या पाटावर, बाबारावांच्या शेजारी, त्या मांडी घालून बसल्या. पासपोर्ट मांडीखाली सारला. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं.

"आई, तुम तो बाद में..." पियुषच्या तोंडून सवयीने निघालं.

"बाद में नाही. चारले गाडी आहे. वाढ."

"मी?"

"अजून कोण? कांता आली तेव्हापासून राबून राहिली, तिले बसू दे. स्नेहल बसेल. तुले वाटते ना घरचं मोडू नये? मग घे तो कढीचा गंज, अन वाढ."

पियुष तसाच उभा राहिला. मग स्नेहल पुढे झाली, कढीचं ते पातेलं उचलून तिने त्याच्या हातात दिलं आणि स्वतः सासूच्या शेजारी जाऊन बसली. पलीकडे कांताबाई बसल्या, हातातलं पुरण पदराला पुसत. नाना दारापर्यंत गेले. चप्पल घातली. वड्यांचा वास येत होता आणि भूक लागलेली होती. ते परत आले आणि कोपऱ्यातल्या पाटावर, कोणाकडे न पाहता, बसले.

पियुषने पंगतीत कधी पळीसुद्धा धरली नव्हती. कढी त्याने पानाऐवजी रांगोळीत वाढली, बाबारावांच्या धोतरावर सांडली, भाताआधी दोनदा वाढली. घामाघूम झाला. मीराबाईंच्या पानाशी वाकला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टपकलेलं पाणी कढीतच पडलं, आणि दोघांनीही ते पाहिलं.

"पोचल्यावर फोन करशील?" त्याने हळूच विचारलं.

"दिल्लीहूनही करीन."

"ताप आला तर?"

"पहिला तुले."

त्याने मान हलवली. गंज घेऊन तो पुढच्या पानाकडे सरकला, तेव्हा मीराबाईंनी मागून हाक मारली.

"पियुष, इकडे ये. अजून वाढ. पोटभर जेवून जाणार आहे मी."